चढतं पाणी: भिरा ते पोलादपूर

आयटीत चार-पाच वर्षं काढली आणि कोलाडला राफ्टिंग केलं नाही, असा माणूस पुण्या-मुंबईत शोधून सापडायचा नाही. टीम आउटिंग, एचआरने आणलेले एकसारखे टी-शर्ट, नारिंगी लाइफ जॅकेटं, आणि काठावर उभं राहून घड्याळ बघणारा गाईड. "पाणी सुटलं की निघायचं," तो सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा गेलो तो एप्रिल महिना होता, आणि तेव्हा मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. एप्रिलमध्ये कोकणातल्या नद्यांना गोट्यांशिवाय काही नसतं. मग ही कुंडलिका रोज सकाळी वेळापत्रकाप्रमाणे दुथडी कशी काय वाहते?

उत्तर सोपं आहे आणि तसं सगळ्यांना माहीत असतं. वर भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे. तिथे टर्बाइन फिरली की पाणी खाली येतं. म्हणजे आपण ज्या पाण्यावर किंचाळत तरंगतो ते पाणी कोकणातलं नसतंच मुळी, ते मुळशीचं असतं. सह्याद्रीच्या पलीकडचं. त्याला त्याच्या मर्जीने जाऊ दिलं असतं तर ते पुण्याच्या संगमावरून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. ते डोंगरातून वळवून पश्चिमेला टाकलेलं आहे.

या सगळ्याची आठवण पुन्हा निघाली ती माझ्या आत्तेभावामुळे. आत्याचं गाव पोलादपूरपासून आत, डोंगराच्या कुशीत. भावाने व्हॉट्सॅपवर एका बातमीचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, "दादा, तू इंजिनिअर ना, हे काय असतं सांग." बातमी जून २०२३ ची होती. महाराष्ट्र सरकारने एनएचपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीबरोबर चार प्रकल्पांचा सामंजस्य करार केला होता: काळू ११५० मेगावॅट, सावित्री २२५०, जालोंद २४००, केंगाडी १५५०. चारही 'उदंचन जलविद्युत'. भावाने 'सावित्री' या शब्दाभोवती लाल गोल काढला होता.

आता मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. टर्बाइनशी माझा संबंध राफ्टिंगपुरताच. पण आत्याकडे गेलो नव्हतो बरेच दिवस, एप्रिलचा लॉंग वीकेंड समोर होता, म्हटलं मुद्दाम ताम्हिणीमार्गे जाऊ, वाटेत भिरा बघू आणि मग पोलादपूर. हा लेख म्हणजे त्या दोन दिवसांत जे बघितलं आणि आल्यावर जे वाचलं त्याची गोळाबेरीज.

आधी त्या शब्दाविषयी. 'उदंचन' हा शब्द मी सरकारी कारखान्यात घडवलेला समजत होतो, 'अग्निरथगमनागमन' छापाचा. पण संस्कृतात तो खराच जुना शब्द आहे. विहिरीतून पाणी वर काढायचं भांडं, म्हणजे आपला पोहरा! इंग्रजीतल्या 'पंप्ड स्टोरेज'पेक्षा मला तो जास्त आवडला. कल्पना पोहऱ्याइतकीच साधी आहे. एक तळं डोंगरावर, एक तळं पायथ्याला, मध्ये बोगदा. विजेची चणचण असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडायचं आणि वीज करायची. वीज स्वस्त, उतू जाणारी असेल तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. पाणी तेच, फेऱ्या रोज. थोडक्यात बॅटरी, पण डोंगराएवढी.

फुकट काही मिळत नाही हे उघड आहे. चार युनिट खर्च करून पाणी वर नेलं तर खाली येताना साधारण तीनच्या आसपास हाती लागतात. नव्या यंत्रांत थोडी जास्त. म्हणजे हा वीज 'बनवण्याचा' धंदाच नाही, वेळ विकण्याचा धंदा आहे. दुपारची वीज संध्याकाळी.

किती पाण्यात किती वीज, हेही एकदा बघून घेऊ, कारण पुढे लागणार आहे. सोसायटीच्या गच्चीवर असते तशी हजार लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा. ती टाकी पाचशे मीटर उंचीवरून खाली रिकामी केली तर गणिताने १.३६ युनिट निघतात. यंत्रातली घट वजा करून सव्वा युनिट धरा. बस्स! एक टन पाणी अर्धा किलोमीटर खाली आपटलं तर तुमचा गीझर जेमतेम अर्धा-पाऊण तास चालतो. मला हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलंय असंच वाटलं होतं, तीनदा तपासलं. म्हणून तर उंची हवी. उंची दुप्पट केली की पाणी निम्मं लागतं. आणि जिथे दोन-तीन किलोमीटरच्या आडव्या अंतरात पाच-सहाशे मीटरची उभी उंची मिळते अशी जागा म्हणजे सह्याद्रीचा कोकणकडा. घाटावरचा माणूस ज्या कड्यावर सेल्फी काढतो, तो कडा इंजिनिअरला 'हेड' दिसतो.

ही दृष्टी नवी नाही. मुंबईत डेव्हिड गॉस्टलिंग नावाचे एक आर्किटेक्ट-इंजिनिअर होते, लोणावळ्याचा पाऊस तळ्यांत साठवून खाली खोपोलीला सोडावा आणि त्याची वीज मुंबईला न्यावी ही कल्पना त्यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ साली गेले, खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. मग आंध्रा खोऱ्याचं भिवपुरी १९२२ मध्ये. आणि तिसरं भिरा, १९२७ मध्ये. तिन्ही वीजघरं आजच्या रायगड जिल्ह्यात, तिन्हींची तळी वर पुणे जिल्ह्यात. वीज तिन्हींची मुंबईला. गिरण्या, ट्रामगाड्या, पुढे रेल्वे. माझे आजोबा पोलादपूरहून गिरणीत कामाला गेले तेव्हा त्यांच्या मागाला फिरवणारी वीज बहुधा याच डोंगरातून येत असणार. ते वर्षातून एकदा गणपतीला गावी यायचे. गावात तेव्हा रॉकेलचा दिवा.

शनिवारी सकाळी सातला मुळशीच्या काठाने जाताना धुकं नव्हतं, पाणीही बरंच खाली गेलेलं होतं. गाडी थांबवून चहा घेतला. या तळ्याच्या काठावर आता रिसॉर्टं आहेत, 'लेक व्ह्यू' वगैरे. तळाशी पन्नासच्या आसपास गावं आहेत. मुळशीचा सत्याग्रह आपण शाळेत एका ओळीत वाचलेला असतो: सेनापती बापट, १९२१. ती एक ओळ उलगडून बघितली की झोप उडते.

टाटांची कंपनी, तिला जमीन संपादन करून देणारं इंग्रज सरकार, आणि समोर मावळातले शेतकरी. आंबेमोहोर पिकवणारी जमीन. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. बापटांबरोबर विनायकराव भुस्कुटे होते, पुण्याची पुढारी मंडळी होती. धरणाविरुद्ध संघटितपणे उभं राहिलेलं हे जगातलं पहिलं आंदोलन असं राजेंद्र व्होरांनी त्यांच्या पुस्तकाच्या नावातच म्हटलंय. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) खुद्द बापट इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेलेले होते. त्यांना यंत्रांचं वावडं नव्हतं.

आंदोलन हरलं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. केवळ तुरुंग आणि लाठीमुळे नाही. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांतले बरेच जण पुण्यात राहणारे सावकार-जमीनदार होते. कसणारे वेगळे, मालक वेगळे. मोबदल्याचा आकडा वाढला तसा मालकांचा विरोध विरघळत गेला. पैसे सातबारावाल्याला मिळणार, बुडणार मात्र कसणारा. १९२४ च्या अखेरीस बापटांनी साथीदारांना घेऊन कामाची रेल्वे अडवली, पिस्तूल वापरलं, आणि सात वर्षांच्या शिक्षेवर गेले. तीन वर्षांनी भिऱ्याची यंत्रं फिरली. तळ्याच्या काठावर उरलेल्या गावांना वीज यायला पुढे कित्येक वर्षं लागली.

ताम्हिणी उतरून विळ्याच्या बाजूने भिऱ्याकडे वळलं की ऊन एकदम अंगावर येतं. मार्च २०१७ च्या शेवटी इथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि भिरा हे नाव देशभरच्या बातम्यांत झळकलं होतं. वीजघरात परवानगीशिवाय जाता येत नाही हे माहीत होतं, त्यामुळे तो नाद केलाच नाही. पण बाहेरूनही बघण्यासारखं पुष्कळ आहे. कड्यावरून उतरणारे जाडजूड नळ. त्यांच्यातून पाणी साधारण पाचशे मीटर खाली येतं. मूळची सहा यंत्रं, प्रत्येकी २५ मेगावॅट. मग १९९० च्या दशकात याच जागी १५० मेगावॅटचं एक उलटसुलट चालणारं यंत्र बसलं. एका दिशेने फिरलं तर टर्बाइन, उलट फिरलं तर पंप. म्हणजे एका जुन्या, एकेरी धरणाला अर्ध्यावरून परतीचा रस्ता जोडला. आमच्या धंद्यात लेगसी सिस्टिमला नवीन फीचर जोडतात ना, तसंच, फक्त इथे ते चाललं. :-)

देवकुंड धबधब्याला ट्रेकला गेलेल्यांनी पायथ्याचं तळं बघितलंय, त्याच्या काठाकाठानेच वाट जाते. मुळशीतून आलेलं पाणी इथे विसावतं. त्यातलं काही पुन्हा वर चढवता येतं, बाकीचं खाली सरकारी वीजघरातून (८० मेगावॅट, टाटांनी वापरलेल्याच पाण्यावर पुन्हा वीज) कुंडलिकेत आणि मग आपल्या राफ्टखाली. मी तासभर काठावर बसलो. पाण्याची कड ओली होती, हातभर उंचीची काळपट पट्टी. तळं नुकतंच उतरलं होतं. समुद्राची भरती-ओहोटी चंद्र ठरवतो, याची ठरवतात मुंबईतले एसी.

महाराष्ट्रात असा दोन दिशांचा प्रयोग तसा याआधीच झाला होता. पैठणला जायकवाडीच्या धरणावर १९८४ मध्ये १२ मेगावॅटचं छोटं यंत्र बसलं, पुढे उजनीलाही तेवढंच. पण खास याच कामासाठी दोन तळी बांधून केलेला आपला मोठा प्रकल्प म्हणजे घाटघर, २५० मेगावॅट, २००८. सांदण दरीला गेला असाल तर वरचं तळं तुम्ही पाहिलंयच. वरचं अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात, मध्ये चारशे मीटरच्या वर उंची आणि वीजघर डोंगराच्या पोटात. जपानी कर्जातून झालेलं काम. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणं इथली. तिथे बाकी जायचं ते कोकणकड्याच्या वाऱ्यासाठी.

बाहेर याची सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये १८९० च्या दशकात झाली. मला स्वतःला हेवा वाटतो तो वेल्समधल्या डिनॉरविगचा. जुन्या स्लेटच्या खाणीच्या डोंगरात १९८४ साली १७२८ मेगावॅटचं वीजघर सुरू केलं, आणि कित्येक वर्षं लोकांना बसमधून डोंगराच्या आत नेऊन दाखवलं. टीव्हीवरची मालिका संपली की सगळा इंग्लंड एकदम चहाची किटली लावतो, त्या झटक्याला तोंड द्यायला हे यंत्र काही सेकंदांत पूर्ण जोर पकडतं. आपल्याकडे शाळेच्या सहली धरणाच्या बागेत कारंजी बघायला जातात, डोंगराच्या आत नाही. असो.

माणगाव, लोणेरे करत दासगाव आलं. इथे गाडी आपोआप हळू होते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर उतरला, दोनशेच्या जवळपास माणसं गेली. मग २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाडात पाणी पहिल्या मजल्याला लागलं आणि तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. आत्याच्या गावापासून ती गावं फार लांब नाहीत. त्या रात्री तीन दिवस फोन लागत नव्हता, एवढंच लिहितो.

महाडला जेवायला थांबलो आणि मग चवदार तळ्यावर. इथे आलो की नेहमी येतो. या वेळी एक गोष्ट नव्याने लक्षात आली: वर्ष. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी, त्याच कुलाबा जिल्ह्यात, भिऱ्याला मुळशीचं पाणी पडायला लागलं. दोन घटनांचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण एका बाजूला अख्खी नदी डोंगर फोडून दुसरीकडे नेता येते, आणि दुसऱ्या बाजूला गावातल्या तळ्याचं ओंजळभर पाणी माणसाला पिता येत नाही, हे एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी चाललेलं होतं. आणि तळं खुलं करायचा कागद आधीच झालेला होता बरं का! मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तीन वर्षं तो ठराव दप्तरात होता आणि पाणी तळ्यात होतं. सत्याग्रहानंतरही कोर्टात दावा पडला, तो हायकोर्टात निकाली निघायला १९३७ उजाडलं.

महाडच्या पुढे सावित्रीवरचा नवा पूल लागतो. जुना, इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसट्यांसकट. एप्रिलमध्ये त्याच नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. सावित्री ही अशी. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातून पाच नद्या निघतात असं मानतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला उडी मारते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटला समुद्रात. तिची बहीण कोयना दुसऱ्या बाजूला गेली, पण तिलाही माणसाने अडवून डोंगरातून पश्चिमेला वळवलंच. पोफळीला, मग चिपळूणला वाशिष्ठीत. एक आपल्या पायांनी कोकणात आली, दुसरीला आणलं.

संध्याकाळी आत्याच्या अंगणात बसलो तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा तालुका, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. पाणी पडतं आणि निघून जातं, धरून ठेवायला काही नाही. ड्रम भरून ठेवलेले, त्यांवर फडकी बांधलेली. भाऊ मोबाइल घेऊन तयारच होता.

मी त्याला जमिनीवर काडीने चित्र काढून दाखवलं. वरचं तळं, खालचं तळं, बोगदा. पूर्वी रात्री कोळशाची वीज उरायची म्हणून रात्री पाणी चढवायचे. आता सौर पॅनेल इतके झालेत की भर दुपारी वीज उतू जाते आणि सूर्य मावळला की एकदम खड्डा पडतो. म्हणून आता दुपारी चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. त्याचमुळे अचानक सगळ्यांना सह्याद्री आठवलाय. एनएचपीसीच्या जोडीने टॉरंटने करार केला, त्यात कर्जतचाच ३००० मेगावॅटचा. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटांनी भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॅटचा केला. जुनी तळी, शंभर वर्षांनी नवं काम. आपल्या महाडच्या वारंगीचं नावही सरकारी याद्यांत 'वरसगाव–वारंगी' अशा जोडीने येतं.

आत्या तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "पाणी वर न्यायचं नि परत खाली सोडायचं. मग त्यात त्यांना गावतं काय?"

"दुपारी वीज दोन रुपयांना घ्यायची आत्या, रात्री आठ रुपयांना विकायची." आकडे मी अंदाजे फेकले होते, पण तिला एका क्षणात कळलं. "म्हणजे कांद्याच्या वखारीगत," ती म्हणाली. माझ्या अर्ध्या तासाच्या चित्रापेक्षा हे बरं होतं.

मग भावाने खरा प्रश्न विचारला. किती जमीन जाईल?

इथे मी ते टाकीचं गणित केलं. समजा पाचशे मीटर उंची आणि रोज सहा तास पूर्ण जोराने चालणारा २२५० मेगावॅटचा संच. एक कोटी पस्तीस लाख युनिट. त्याला लागणारं पाणी साधारण सव्वा कोटी घनमीटरच्या आत, म्हणजे ०.४ टीएमसी. कोयनेत शंभर टीएमसीच्या वर मावतं. तळ्याची सरासरी खोली वीस मीटर धरली तर ५५-६० हेक्टर, दीडशे एकराच्या आत-बाहेर. खाली तेवढं, वर तेवढं. एकदा पावसाळ्यात भरायचं, मग उन्हाने उडेल तेवढंच टाकत राहायचं. मुळशीसारखं खोरंच्या खोरं बुडवायची गरज नाही. हे मी थोडं उत्साहात सांगितलं, कबूल करतो. मला खरंच वाटतं की कोळसा जाळण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. सौर वीज साठवायची तर एवढ्या मोठ्या प्रमाणावर, इतकी वर्षं टिकणारी दुसरी सोय अजून फारशी नाही.

भाऊ गप्प बसून समोर बघत होता. मग म्हणाला, "दादा, दीडशे एकर सपाट कुठंय इथं?"

आणि मी खरंच समोर बघितलं. दोन्ही बाजूंना डोंगर. मध्ये नदीच्या कडेने भाताच्या खाचरांची अरुंद पट्टी. डोंगरउतारावर वरकस, तिथे नाचणी-वरी, तीही आता कोण करत नाही. गावाची पोटापाण्याची जमीन म्हणजे ती पट्टी. पाणी साठवायला खोलगट सपाटी हवी आणि भातालाही तीच हवी. दीडशे एकर हा माझ्या लॅपटॉपवर छोटा आकडा होता. या खोऱ्यात तो जवळजवळ सगळा आकडा आहे. वरचा सडा मोकळा दिसतो, पण पावसाळ्यानंतरची गुरं तिथेच असतात.

दुसरी गोष्ट दरडींची. सह्याद्रीचा काळा दगड आतून मजबूत आहे, बोगद्यांना चांगला, हे कोयनेने आणि घाटघरने दाखवलंय. कोसळतो तो वरचा भाग: मुरलेली माती, जांभा, पाण्याने फुगलेला उतार. त्यामुळे डोंगराच्या पोटातल्या वीजघरापेक्षा तिथवर नेलेला रस्ता, कापलेला उतार आणि बोगद्यातून निघालेल्या दगडमातीचा ढीग कुठे टाकलाय, हे जास्त बघावं लागेल. पोलादपूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आत्याला तर भूकंपही आठवतो, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा. तेव्हा ती शाळकरी होती. फडताळातली भांडी वाजली आणि आजीने सगळ्यांना अंगणात काढलं. तिच्या डोक्यात धरण आणि भूकंप हे एकत्रच आहेत. कोयनेच्या प्रचंड तळ्याशी भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञही लावतात. ०.४ टीएमसीचं तळं म्हणजे कोयना नव्हे, हे मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पटलं असं मी म्हणणार नाही.

मुळशीची गोष्ट मग मीच काढली. सातबारा कुणाचा आणि कसतो कोण. भाऊ हसायला लागला. त्यांच्या खाचरांच्या उताऱ्यावर अजून सतरा नावं आहेत. त्यांतली अकरा मुंबईत, तीन ठाण्याला, दोघांचा पत्ता नाही. आणि एक माझ्या वडिलांचं, आजोबांच्या एका जुन्या व्यवहारातून राहिलेलं. म्हणजे उद्या मोबदला आलाच तर त्यातला वाटा पुण्यात, माझ्या फ्लॅटवर येणार, आणि भाऊ... मुळशीचे ते पुण्यातले मालक मी सकाळी चहा पिताना जरा तुच्छतेने आठवले होते.

रात्री दिवे गेले. अर्ध्या तासाने आले. आत्या ड्रमवरचं फडकं पुन्हा घट्ट बांधत म्हणाली, "ते वरचं तळं झालं, तर त्यातलं पाणी आम्हाला प्यायला देतील का रे?"

यंत्राच्या दृष्टीने यात काही अडचण नाही. सव्वा कोटी घनमीटरमधून एका गावाला वर्षभर लागणारं पाणी म्हणजे हिशेबात दिसणारही नाही, आणि गाव खाली असल्याने पंपही नको, नळ टाकला की झालं. पण तळं एका कामासाठी बांधलं की त्यातला थेंबन् थेंब त्या कामाच्या नावाने लिहिला जातो. गावाचा नळ आराखड्यात पहिल्यापासून लिहिलेला असेल तरच येतो. मी तिला एवढंच म्हटलं, की देतील, पण आधी मागून लिहून घ्यावं लागेल.

रविवारी सकाळी निघायच्या आधी भाऊ आणि मी बसून ग्रामपंचायतीसाठी एक अर्ज लिहिला. तीन मुद्दे: प्रकल्पाची पाहणी व्हायची असेल तर ग्रामसभेत आधी सांगावं, उताऱ्यावर नाव नसलं तरी कसणाऱ्याची वेगळी नोंद व्हावी, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. दुसरा मुद्दा लिहिताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पुण्याला पोचल्यावर बाबांशी बोललो, ते हक्कसोड पत्र करून द्यायला तयार आहेत. तलाठ्याकडे कोणकोणते कागद लागतात ते भाऊ सोमवारी विचारून येणार आहे.